भरल्या कळशीची चाल

सोंग घेऊन मेलेल्या माणसाला उठवायची एक रीत आमच्या दशावतारी कंपनीत होती. दुसऱ्या कंपन्यांत असेल नसेल, मला ठाऊक नाही. देवळापुढच्या मांडवात खेळ चालू असताना कोणी सोंगात मेला की दोघे जण त्याला उचलून रंगपटात न्यायचे आणि चटईवर निजवायचे. त्यानं डोळे उघडायचे नाहीत. आमचे बुवा, म्हणजे कंपनीचे मालक आणि माझे गुरू, त्याच्या कानाशी बसून तीनदा त्याच्या नावानं हाक मारायचे. कागदावरचं नाव नाही, सोंगाचं तर नाहीच. तो चालायला शिकला तेव्हा त्याची आई ज्या नावानं त्याला बोलवायची, ते नाव. तिसऱ्या हाकेला त्यानं ‘आयलंय’ म्हणायचं. आलो. मग डोळे उघडायचे, मग तोंडावरचा रंग पुसायचा. कंपनीत नवा माणूस आला की बुवा त्याला आधी ते नाव विचारून घेत. मला विचारलं तेव्हा मी हसलो. बुवा हसले नाहीत. सोंग एकटं मरत नाही, जाताना काहीतरी ओढून नेतं, एवढंच म्हणाले आणि माझं नाव पाठ केलं.

मी बायकांचे पार्ट करी. दिवसा पेडणे तालुक्यातल्या एका पंचायतीत शिपाई, आणि जत्रांच्या दिवसांत राणी. सरपंच मला चहा आणायला पाठवी आणि त्याचीच म्हातारी आई जत्रेत माझं रडणं बघून पदरानं डोळे पुशी. पुढे राजभाषेवरून गावात दोन तट पडले तेव्हा मी दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या, कारण घरात माझी जीभ कोकणी आणि मांडवात राजाच्या बाकड्यासमोर उभा राहिलो की मराठी. मी दोघांनाही सांगितलं, की आधी माझ्यासारखं लुगडं नेसून दाखवा, मग भाषेचं शिकवा. स्वभावच तसा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

बुवांची शिकवण एकच होती. बायका बघू नकोस, एक बाई बघ. सगळ्या बायकांची नक्कल करणारा शेवटी कुणाचीच करत नाही. सुरुवातीला मी आईला बघितलं. लग्न झालं, आई गेली, आणि मग मी बायकोला बघू लागलो.

ती डिचोलीकडची. आमची विहीर खाली आणि घर वर, मध्ये चिऱ्याच्या पायऱ्या. कमरेवर भरलेली कळशी घेऊन ती चढायची तेव्हा आधी टाच टेकायची, मग पाऊल किंचित बाहेर वळायचं. उंबऱ्यापाशी ती क्षणभर थांबायची, आत नजर टाकायची, मग उजवा पाय आत. कळशी नसली तरी ती तशीच चालायची. हात मोकळे, पण कमरेवर काहीतरी काठोकाठ भरलेलं आहे आणि ते सांडता कामा नये, अशी. मी ओटीवर विडी ओढत बसायचो आणि ती चाल बघायचो. तिला वाटायचं, नवरा आपल्याकडे बघतो आहे. खोटं कशाला बोलू, मी धंद्याचं बघत होतो.

ती चाल घेऊन मी मांडवात उतरलो आणि माझं नाव झालं. मोरजीपासून डिचोलीपर्यंत लोक विचारू लागले, की आज राणी कोण आहे, तो चालणारा आहे का. ती मात्र खेळाला येत नसे. एकदा तिच्या माहेरच्या जत्रेत आमचा खेळ लागला आणि तिला यावंच लागलं. घरी आल्यावर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी बापडा विचारून विचारून थकलो. तिसऱ्या दिवशी आडोळीवर नारळ खोवता खोवता, मान वर न करता म्हणाली,

“चाल न्हेलात ती न्हेलात. पण त्या चालीन कोणी मरूचा नाय. तिका परत घराक हाडूची.”

मी म्हटलं, बरं, परत घरी आणीन. तिनं खोवणं थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिली, तेव्हा मी देवीची शपथ घेतली. ती शपथ मी तीस वर्षं पाळली. आमच्या खेळात तशी बाई फारशी मरत नाही. ती रडते, वनवास भोगते, शाप अंगावर घेते आणि शेवटी देवाच्या पाया पडते. क्वचित एखादीला मरावं लागे, तेव्हा मी आईची चाल घेई. आई तर गेलेलीच होती. तिला आणखी काय व्हायचं, असं मी मनाशी म्हणे.

मग बुवा गेले. मी अठ्ठावन्नचा झालो, जबडा बैलासारखा झाला, गुडघे वाजू लागले. बुवांच्या मुलानं एक दिवस माझं लुगडं दुसऱ्याला दिलं आणि माझ्या हातात ऋषीची दाढी ठेवली. म्हणाला, आता तुम्हाला हेच शोभतं. मी ती दाढी त्याच्या अंगावर फेकली आणि माझा पेटारा उचलून घरी आलो. त्यानंतर वर्षभर मी जत्रेत पाऊल टाकलं नाही. रोज सकाळी पोदेराकडून पावाचे उंडे घ्यायचे, पंचायतीत जायचं, संध्याकाळी ओटीवर बसायचं. बायको विचारायची, कसला राग धरून बसलात. तिला काय सांगणार? माझं बाईपण माझ्या हातून काढून घेतलं होतं, आणि हे बाईला सांगण्यासारखं नाही.

अशा वेळी ती मुलगी आली. मोरजीची, मासे धरणाऱ्या रापणकाराची पोर, पुण्याला शिकलेली. पर्वरीला एका ठिकाणी व्हिडिओ गेम बनवत होते, तिथे ती कामाला होती. लहानपणी आईच्या मांडीवर बसून तिनं मला बघितलं होतं. तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या एका बंदराचा खेळ आहे, त्यात बायका आहेत, आणि त्यांना चालवायला माणूस हवा आहे. अंगाला खुणा लावून माणूस चालतो, कॅमेरे ते टिपतात आणि पडद्यातली बाई तशी चालते. मी म्हटलं, बाये, माझ्या तोंडाकडे बघ, ह्या तोंडाची राणी कोण बघेल? ती म्हणाली,

“काका, चेहरा आम्ही लावू. तुमची फक्त चाल हवी.”

ते ऐकून मला किती बरं वाटलं ते आज सांगायला लाज वाटते. नको असलेला चेहरा बाजूला ठेवून हवी तेवढी चाल घेणारं कोणीतरी भेटलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

त्या खोलीला एकही जनेल, म्हणजे खिडकी, नव्हतं. भिंती काळ्या, वर सगळीकडे कॅमेरे. मला अंगाला चिकटणारा काळा पोशाख घातला, त्यावर करड्या गोट्या. माझं पोट पुढे आलेलं, आणि समोर दहा पोरं कॉम्प्युटरवर बसलेली. आधी हात आडवे पसरून उभं राहायला सांगितलं. यंत्र माणसाला ओळखेपर्यंत तसंच उभं राहायचं म्हणे. मग समोरच्या पडद्यावर एक आकृती उभी राहिली. नुसत्या काड्यांची. तिला तोंड नव्हतं, मांस नव्हतं. मुलगी म्हणाली, चला काका. मी कमरेवर नसलेली कळशी घेतली आणि चाललो.

आणि ती आकृती माझ्या बायकोसारखी चालली. टाच, मग बाहेर वळलेलं पाऊल, मग थांबणं. मी सगळं काढून टाकून नुसती चाल कधी बघितली नव्हती. अंगावर काटा आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि काटा मी विसरलो.

महिनाभर मी आठवड्यातून तीन दिवस पर्वरीला जाई. तिथे भिंतीवर खेळातल्या बायकांची चित्रं लावली होती. मी त्यांच्यापुढे उभा राहून बघत असे. एक राणी, जी सज्जात उभी राहून खाली बघते. एक नाचणारी. एक देवळातली, जिच्या अंगावर कपड्यापेक्षा दागिने जास्त. एक लढणारी, तिचं चिलखत असं की बाण बरोबर काळजात बसावा म्हणून जागा मोकळी सोडलेली. सगळ्या पंचविशीच्या. एकीचाही दात पडलेला नाही, एकीचाही गुडघा दुखत नाही. मी त्या मुलीला विचारलं, की ह्या एवढ्या सैन्याला जेवण कोण रांधतं? मासे कोण साफ करतं, पोरं कुठे आहेत, म्हाताऱ्या काय समुद्रात बुडवल्या? ती हसली आणि मग हसायची थांबली. म्हणाली, मी मीटिंगमध्ये हेच विचारलं होतं काका, तर मोठे साहेब म्हणाले, म्हाताऱ्या बघायला पैसे कोण देतं.

मोठा साहेब बाहेरचा, हिंदीतून बोलायचा. त्याला कंबर हलायला हवी होती. मी हलवून दाखवली, बाजारू सोंगाला हलवतात तशी. तो खूश. मुलीनं भांडून भांडून एवढं मिळवलं, की राणी आणि नाचणारी यांना ती कंबर द्यायची, पण बंदरातल्या साध्या बायकांना माझी पहिली चाल ठेवायची. मी तिची पाठ थोपटली. आता वाटतं, ती भांडली नसती तर बरं झालं असतं.

कारण त्या साध्या बायकांचं काम खेळात एकच होतं. मला ते शेवटच्या आठवड्यात कळलं. खेळाच्या सुरुवातीला शत्रूची गलबतं येतात आणि बंदरातल्या बायका मारल्या जातात. त्यातली एक नायकाची बायको. ती मेल्याशिवाय त्याला राग येत नाही, आणि राग आल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. मी तोंड उघडणार होतो, पण माझंच तोंड मला अडवू लागलं. आमच्या मांडवात तरी काय वेगळं होतं? तिथेही राजाला शहाणपण यावं म्हणून राणीला वनवास होतो. मी तीस वर्षं त्यासाठी रडलो होतो आणि टाळ्या घेतल्या होत्या.

साहेबाला सोळा प्रकारचं मरण हवं होतं. बाणानं, भाल्यानं, आगीत, तटावरून, पायऱ्यांवरून, घोड्याखाली. मी पहिल्या खेपेला आईची चाल घेतली. मुलगी म्हणाली, काका, जुळत नाही. विहिरीवरून येणारी बाई आणि मरणारी बाई एकच वाटली पाहिजे. त्याच चालीनं या, आणि मग पडा.

तिथे मी नाही म्हणू शकलो असतो. गुडघे दुखतात म्हणालो असतो तरी चाललं असतं. शपथ आठवली नाही असंही नाही, चांगली आठवली. पण समोर दहा पोरं माझ्याकडे बघत होती, आणि वर्षभर माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. मी कमरेवर कळशी घेतली, टाच टेकली, आणि गेलो.

सोळा वेळा गेलो. पाचवं मरण साहेबाला संथ वाटलं, ते पुन्हा करवलं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. शेवटचं मरण उंबऱ्यावरचं होतं. बाई घरापाशी पोचते, थांबते, आत बघते, आणि उजवा पाय उचलायच्या आत मागून भाला येतो. मी पडलो आणि डोळे मिटून राहिलो. सवयच ती. मी हाकेची वाट बघत होतो.

कोणीतरी ‘कट’ म्हणालं. खुर्च्या सरकल्या. मुलगी म्हणाली, काका, भारी झालं, जेवायला चला.

मी पडूनच होतो. तिला सांगायचं, की बाये, माझ्या नावानं तीन हाका मार, एवढंच. दोन मिनिटांचं काम. पण त्या पोरांसमोर मला लाज वाटली. म्हातारा खुळा आहे म्हणतील. मी आपला आपण डोळे उघडून उठलो, गोट्या काढून दिल्या आणि वरण-भात जेवलो.

घरी बायकोनं विचारलं, आज काय केलात. मी म्हटलं, राणीचा पार्ट. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मासळीची आमटी वाढली.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी तिचा पाय पहिल्यांदा उंबऱ्याला अडखळला. उजवा पाय. ती स्वतःशीच हसली. म्हणाली, म्हातारपण. मग ते रोजचं झालं. उंबऱ्यापाशी ती पूर्वीसारखीच थांबायची, आत बघायची, आणि पाय उचलायचाच नाही. जमिनीला चिकटल्यासारखा. मी हात धरून आत घ्यायचो. मग पावलं लहान झाली, टाच टेकेनाशी झाली. एक दिवस पायऱ्यांवर कळशी तिच्या कमरेवरून सुटली आणि घणघणत विहिरीपर्यंत गेली. ती पायरीवर बसून राहिली. मी कळशी आणायला खाली गेलो, तेव्हा वरून ती माझ्याकडे बघत होती, आणि मला वर यायची भीती वाटली.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मेंदूचा आजार आहे, हळूहळू वाढेल, आणि हे आतून कित्येक वर्षांपूर्वी सुरू झालं असणार. मी तिथल्या तिथे विचारलं, किती वर्षांपूर्वी? माझ्या पर्वरीच्या आधी ना? बाईंना काही समजलं नाही. आधी, असं त्या म्हणाल्या असाव्यात. माझ्या डोक्याला ते पटलं. बाकीच्या अंगाला नाही. खाई त्याला खवखवे.

मी देवीचा कौल घ्यायला गेलो. आमच्याकडे देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतात आणि आपला प्रश्न घाडी, म्हणजे देवळातला गाऱ्हाणं घालणारा, मोठ्यानं देवीला सांगतो, सगळ्या गावासमोर. उजवी पाकळी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. घाडीनं विचारलं, काय विचारू? बाजूला दहा माणसं उभी. मी काय सांगणार, की देवी, शपथ मोडून मी बायकोला सोळा वेळा मारली, तर ते लागलं का? मी म्हटलं, राहू दे, नंतर येतो. नारळ ठेवून परत आलो.

मग मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, माझी चाल काढून टाक. राणीला ठेव, नाचणारीला ठेव, हवं तर साहेबाला ठेव, फक्त विहिरीवरच्या त्या बाईची काढ. ती म्हणाली, काका, ती एक बाई नाही. साहेबांना चाल आवडली, म्हणून बंदरातल्या सगळ्या बायकांना तीच लावली आहे. दीडशेच्या वर आहेत. आणि खेळ बाहेर गेला, आता तो कुठे कुठे चालू आहे ते आम्हालाही ठाऊक नाही. तिनं विचारलं, काय झालं काका? मी सगळं सांगितलं, शपथ आणि बायकोचा आजार.

आठवड्यानं, दुपारी, ती आमच्या घरी आली. लॅपटॉप घेऊन. मी तिला बोलावलं नव्हतं. बायको जनेलापाशी कदेलावर, हातांच्या खुर्चीत, बसली होती. तेव्हा तिचं चालणं बंद झालं होतं, बोलणं होतं. मुलगी तिच्या पायाशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, मावशी, चूक माझी आहे, काकांना मी पडायला लावलं. मी मध्ये पडून काहीतरी बोलणार होतो. बायकोनं हात वर केला. म्हणाली, दाखव.

पडद्यावर बंदर उजाडलं. नारळीची झाडं, लाल वाट, एक विहीर. बायका पाणी नेत होत्या. गोऱ्या, सावळ्या, सगळ्या तरण्या, आणि सगळ्या टाच आधी टेकत, पाऊल बाहेर वळवत, दारापाशी थांबून आत बघत. एकीमागून एक. बायको पुढे वाकली.

“ही माझी चाल,” ती म्हणाली.

मुलीचा हात बटणाकडे गेला. पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं.

“हात लावू नको गो बाय. तिका चलांदे.”

मुलीनं हळू आवाजात सांगितलं, की मावशी, मी काही केलं नाही तरी पुढचं होणार. हा भाग खेळणाऱ्याच्या हातात नसतो. बायको त्या चालणाऱ्यांकडे बघत होती आणि तिचा उजवा पाय कदेलाखाली बारीक हलत होता. मग एकदम म्हणाली, ह्यांच्या कळश्या रिकाम्या आहेत. खरंच होतं. पर्वरीला मी नसलेली कळशी घेऊन चाललो होतो, आणि त्यांनी वरून चित्रातली कळशी ठेवली होती. पाणी कोणी घातलं नव्हतं.

शिंग वाजलं. गलबतं आली. मग माझी सोळाही मरणं एकामागून एक आली. बायकोनं एकदाही डोळे मिटले नाहीत. शेवटी ती उंबऱ्यावरची. थांबली, आत बघितलं, आणि पडली. मुलगी रडत होती. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

“ताणी तुमका उठवलो?” बायकोनं मला विचारलं. त्यांनी तुम्हाला उठवलं का?

मी मान हलवली. नाही. तीस वर्षांत मी तिला ती रीत सांगितली नव्हती. बुवांकडून कळली असेल, किंवा बायकांना कळतं तसं. तिनं दोन्ही हातांनी कदेलाचे हात धरले, मान सरळ केली आणि माझ्या नावानं हाक मारली. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि हिनं सगळ्या संसारात कधी घेतलं नव्हतं. तेही कागदावरचं नाही. माझी आई स्वयंपाकघरातून मला ज्या नावानं बोलवायची, ते. सासूच्या तोंडून ऐकून तिनं ते जपून ठेवलं होतं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिचा आवाज फुटला.

“आयलंय,” मी म्हटलं, आणि तिच्या पायाशी बसून रडलो. मुलगी उठून अंगणात गेली.

बायकोनं मला रडू दिलं. मग म्हणाली,

“तुमका हाक मारली. तुमी आयलात. आता माका कोण मारतलो?”

मी डोळे पुसले आणि तिच्या नावानं हाक मारली. लग्नात तांदळात अंगठीनं मी लिहिलं होतं, ते नाव. ती म्हणाली, ते तुम्ही ठेवलेलं. मग मी तिच्या माहेरचं नाव घेतलं, नोंदणीच्या दाखल्यावर आहे ते. ती म्हणाली, ते कागदावरचं.

“मी चलूक शिकलंय तेव्हा आवय माका ज्या नावान हाक मारी, त्या नावान मारा.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिची टाच कशी पडते ते मला ठाऊक होतं, पाऊल किती वळतं ते, उंबऱ्यावर किती श्वास थांबते ते. हे ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. तिचा भाऊ तिला बाय म्हणायचा, सगळ्याच बहिणींना म्हणतात तसं, आणि मला तेवढं पुरलं होतं. मी म्हटलं, सांग. तिनं मान हलवली. रागानं नाही.

“सोधून काडा,” ती म्हणाली. “तोवर मी हयच बसलंय.”

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं डिचोलीला गेलो. तिचे आईबाप, भाऊ, कोणी उरलं नव्हतं. घर विकलेलं, अंगणात खाणीच्या ट्रकांची लाल धूळ. एक नव्वदीची शेजारीण भेटली. तिला आठवत होतं, की आई मागच्या दारात उभी राहून पोरीला मोठ्यानं बोलवायची. दोन अक्षरांचं नाव होतं, एवढं ती नक्की सांगू शकली. मी आणखी चार फेऱ्या मारल्या. ती म्हातारी पुढे तेवढंही विसरली.

म्हणून मी आता रोज सकाळी उंडा चहात बुडवून तिला भरवतो, तोंड पुसतो, समोर बसतो आणि दोन अक्षरांचं एक नाव घेऊन तीनदा हाक मारतो. फुलांची झाली, नद्यांची झाली, देवींची झाली. प्रत्येक नावाला ती मान हलवून नाही म्हणायची. पुढे बोलणं गेलं तिचं, पण मान हलायची, आणि कधी कधी माझ्या एखाद्या खुळ्या नावाला हसायचीसुद्धा.

गेल्या सोमवारपासून तिची मान हलत नाही. आता खरं नाव माझ्या तोंडून निघालं तरी मला कळायचं नाही. आज सकाळी एक नवं घेतलं. ती माझ्याकडे बघत होती.